दुसरी बॉडी हलकी हवी, पण किती हलकी? सोनी ए७सी तीन वर्षं वापरल्यावर

पहाटेची वेळ, नदीवर धुकं, मी नावेत बसलेली आणि गळ्यात एकच कॅमेरा, त्यावर २४-१०५ एमएमची झूम लेन्स. समोर नावाड्याचे हात, वल्ह्याच्या लाकडावरून पाणी ओघळतंय, तेच टिपत होते. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून बगळ्यांचा अख्खा थवा उठला. टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, बॅगेत, बॅग पायाशी. चेन उघडली, टेली काढली, तिचं मागचं झाकण फिरवलं तर ते हातातून सुटून नावेच्या तळाला साचलेल्या पाण्यात गेलं, मग आधीची लेन्स काढायची, ती कुठे ठेवायची, मांडीवर ठेवली, माउंटवरचा, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यावरचा, पांढरा ठिपका त्या उजेडात धड दिसेना, आणि शेवटी लेन्स बसल्याचा टक् असा आवाज आला तेव्हा वर आकाश मोकळं होतं. एकही बगळा नाही. आणि मी मान वर करून बघेपर्यंत नावाड्यानेही वल्हं आत घेतलं होतं, म्हणजे तोही फोटो गेला.

प्रवासात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाचा असा एकतरी बगळा असणार. माझ्यासाठी दुसऱ्या बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा, विषय तिथून सुरू झाला. आधी मला वाटायचं की दुसरी बॉडी म्हणजे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचं काम, पहिली बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. ते आहेच, त्याबद्दल खाली लिहितेच, पण प्रवासात दुसरी बॉडी लागते ती मुख्यतः लेन्स बदलायला लागू नये म्हणून. दोन लेन्स दोन बॉड्यांवर कायमच्या चढवलेल्या, हवी ती उचलायची. धूळ, वारा, समुद्राचे तुषार असताना सेन्सर उघडा करायची वेळच येत नाही हा त्यातला मोठाच फायदा, मी आधी दर ट्रिपनंतर आकाशातले काळे ठिपके पुसत बसायचे ते आता जवळपास बंद झालंय.

आता वजन. माझी मेन बॉडी सोनी ए७ थ्री, बॅटरी आणि कार्ड धरून ६५० ग्रॅम. त्यावर सोनीचीच २४-१०५ एफ/४, ती ६६३ ग्रॅम (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं ते, आकडा लहान तेवढा उजेड जास्त). म्हणजे गळ्यात १३१३ ग्रॅम आधीच आहेत. अजून एक ए७ थ्री घेतली असती तर सगळ्यात सोपं झालं असतं, सगळं सारखं, पण मग टेलीसकट खांद्यावर अडीच किलोच्या वर जातं आणि दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं चालायची असतील तर संध्याकाळी मान वळत नाही, मी एका मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन दोन दिवस करून बघितलंय. म्हणून हलकी बॉडी.

आणि इथेच मी पहिली चूक केली. मी फक्त बॉडीचं वजन बघितलं.

पहिल्यांदा घेतली सोनी ए६४००. ४०३ ग्रॅम, २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर (मेनच्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा लहान, म्हणून चित्राच्या कडा कापल्या जातात, त्यालाच क्रॉप म्हणतात), माउंट तोच ई-माउंट. कागदावर एकदम बरोबर होती. फोकस ट्रॅकिंग तर माझ्या मेन बॉडीपेक्षा चांगलं, माणसावर एकदा बसलं की सुटत नाही. शिवाय क्रॉपमुळे माझी टॅमरॉन ७०-३०० तिच्यावर ४५० एमएमपर्यंत पोचल्यासारखी दिसायची, पक्ष्यांसाठी हे फुकटात मिळालेलं वाटायचं. दीड वर्ष वापरली मी ती आणि खूप चांगले फोटो दिलेत तिने, तिला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाहीये. पण तीन गोष्टी हळूहळू टोचायला लागल्या.

एक म्हणजे बॅटरी. मेन बॉडीत एनपी-एफझेड१००, ए६४०० मध्ये जुनी छोटी एनपी-एफडब्ल्यू५०. सोनीच्याच आकड्यांप्रमाणे मागच्या स्क्रीनवर बघून काढले तर ए७ थ्रीचे ७१० फोटो आणि ए६४०० चे ४१०. दिवसभरात छोटीच्या दोन बॅटऱ्या सहज संपायच्या, म्हणून तीन ठेवायच्या, त्यांचा वेगळा चार्जर, आणि कॅमेऱ्यातून चार्ज करायचं तर तिला मायक्रो यूएसबी, मेनला यूएसबी-सी, म्हणजे वायरही वेगळी. एकदा मी हे सगळं घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघितलं. ए६४०० आणि पुढे घेतलेली ए७सी यांच्यात फरक आहे १०६ ग्रॅमचा, आणि तीन बॅटऱ्या अधिक चार्जर एवढंच त्याहून जास्त भरलं! वजन खांद्यावरून बॅगेत गेलं इतकंच, कमी झालंच नाही. आणि वजनापेक्षाही रात्री खोलीवर पोचल्यावर दमलेल्या डोक्याने दोन प्रकारच्या बॅटऱ्यांतली कुठली भरलेली, कुठली रिकामी हे बघत बसायचं, एकच प्लग पॉइंट, त्यात फोनही लावायचाय, ते खरं कंटाळवाणं होतं.

त्या काळात मी बाहेरची स्वस्त बॅटरीही घेऊन बघितली, कंपनीचं नाव घेत नाही. चौथ्या महिन्यात ती फुगली आणि खणात अडकून बसली, बाहेर येईना, चिकटपट्टीचा तुकडा तिच्या पाठीवर चिकटवून हळूहळू ओढून काढली मी. तेव्हापासून फक्त मूळ बॅटऱ्या. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, सोबतच्या बॅगेत ठेवाव्या लागतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्यांची टोकं झाकलेली हवीत हे विसरलं जातं. छोटी प्लास्टिकची टोपी मिळते ती लावा.

दुसरी गोष्ट स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये याची सोय. ए६४०० मध्ये बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. आणि टॅमरॉनची ७०-३०० जी आहे ना, ती हलकी आहे, ५४५ ग्रॅम, पण ती हलकी आहे कारण तिच्यातही नाही. म्हणजे ना बॉडीत ना लेन्समध्ये. दिवसा उन्हात काही फरक पडत नाही, पण संध्याकाळी एखाद्या जुन्या इमारतीच्या वरच्या खिडकीत दिवा लागलाय, तो ३०० एमएमला धरायचाय, तर हात हलू नये म्हणून क्रॉप धरून मला शटर १/५०० सेकंदाच्या खाली नेता यायचं नाही, एफ/६.३ ला मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची क्षमता, ६४०० वर न्यावी लागायची आणि भिंतीचा सगळा पोत गेलेला असायचा. तीच लेन्स आता ए७सी वर लावून १/१२५ ला निवांत निघतो तो फोटो, आयएसओ १६००. कंपनी ५ स्टॉप म्हणते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं), ३०० एमएमला माझ्या हातात भरवशाचे २ मिळतात, पण ते २ स्टॉप म्हणजे फोटो ठेवायचा की उडवायचा इतका फरक आहे. अर्थात खिडकी हलत नाही म्हणून हे जमतं, पक्षी उडत असेल तर १/१२५ चा काही उपयोग नाही, तिथे शटर वाढवायलाच लागतं मग कुठलीही बॉडी असो.

तिसरी गोष्ट कळली ती एका वाईट दिवशी.

डोंगरावरच्या एका पठारावर ट्रायपॉड लावला होता, ताऱ्यांचे फोटो काढायचे म्हणून. वारा होता, मी ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला बॅग अडकवायला हवी होती, नाही अडकवली, दोन मिनिटांचं तर काम आहे म्हणून. पाणी प्यायला वळले आणि मागून आवाज आला. मेन बॉडी तोंडावर दगडात. लेन्स सुदैवाने वाचली, पुढचं हूड फुटलं फक्त, पण बॉडी चालूच होईना. ट्रिपचा दुसरा दिवस, पुढे नऊ दिवस बाकी. मी म्हटलं ठीके, म्हणूनच तर दुसरी आणलीये ना, ए६४०० काढली, तिच्यावर २४-१०५ लावली. आणि डोळ्याला लावल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे आता २४ नाहीच. क्रॉपमुळे ती ३६ ते १५७ झाली. दरी, आकाश, अरुंद गल्ली, छोट्या खोलीतलं कुटुंब, जे जे मी २४ ला काढते ते सगळं नऊ दिवस बंद. लांबचं मिळत होतं, जवळचं गेलं. बॅकअप बॉडी होती पण ती माझ्या लेन्सना अर्धीच ओळखत होती असं म्हणा ना.

त्यामुळे माझं मत असं झालंय, आणि इतक्या वर्षांत ते बदललेलं नाही, की दुसरी बॉडी निवडताना वजनाचा आकडा शेवटी बघावा. आधी माउंट, मग बॅटरी, मग सेन्सरचा आकार मेनसारखाच आहे का ते, आणि हे तिन्ही जुळत असेल त्यातली सगळ्यात हलकी कुठली ते मग.

सोनी ए७सी या हिशेबात बसली. ही आली २०२० मध्ये, ५०९ ग्रॅम, फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल, बॅटरी तीच एफझेड१००, यूएसबी-सी, बॉडीत स्टॅबिलायझेशन. मेनपेक्षा १४१ ग्रॅम कमी. एवढ्याने काय होतंय असं वाटेल, मलाही वाटलं होतं. पण फरक वजनापेक्षा आकाराचा आहे. मधलं व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचं, टेंगूळ नाही, वरचा भाग सपाट, त्यामुळे ती अंगाला चिकटून बसते, जॅकेटच्या आत जाते, बॅगेत आडवी सरकते. तिच्यावर मी ४० एमएम एफ/२.५ लावते, १७३ ग्रॅमची लेन्स, दोन्ही मिळून ६८२ ग्रॅम. ही जोडी गळ्यात आहे हे चालताना विसरायला होतं. जिथे लांबचं लागणार तिथे तिच्यावर ७०-३०० चढवते, मग १०५४ ग्रॅम होतं, तेही चालतं कारण तो कॅमेरा दिवसभर गळ्यात नसतो, बाजूला तिरका लटकलेला असतो.

आता जवळून सांगते, कारण तीन वर्षांत कुठे हात अडतो ते कळलंय.

व्ह्यूफाइंडर लहान आहे. खरंच लहान आहे. मॅग्निफिकेशन, म्हणजे आतलं चित्र किती मोठं दिसतं ते, ०.५९, मेनचा ०.७८. आणि गंमत बघा, ए६४०० चा ०.७०, म्हणजे आधीची स्वस्त बॉडी यात पुढे होती. मेनवरून डोळा काढून ए७सी ला लावला की बोगद्यातून बघतोय असं वाटतं, पहिले दोन आठवडे मला फार त्रास झाला. चष्मा असेल तर कोपरे दिसायला डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. मी शेवटी सवय अशी लावली की ए७सी मुख्यतः मागच्या स्क्रीनवर बघून वापरायची आणि व्ह्यूफाइंडर फक्त कडक उन्हात किंवा टेली लावली असेल तेव्हा. स्क्रीन बाजूला उघडून फिरतो, कंबरेच्या उंचीवरून काढायला छान, माणसं तुमच्याकडे न बघता आपलं काम करत राहतात कारण तोंडासमोर कॅमेरा नसतो. फक्त बाजूला उघडलेला स्क्रीन लेन्सच्या सरळ रेषेत नसतो त्यामुळे सुरुवातीला क्षितिज तिरकं येतं, ग्रिड लावून ठेवा.

व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. उजव्या डोळ्याने बघणाऱ्यांना मस्त, नाक बाहेर राहतं, स्क्रीनवर तेलाचा ठसा उमटत नाही. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांनी घेण्याआधी एकदा डोळ्याला लावून बघाच. माझा भाऊ डाव्या डोळ्याने बघतो, त्याने माझी घेतली आणि दर वेळी त्याच्या नाकाने फोकसचा चौकोन हलायचा, कारण जॉयस्टिक नाही म्हणून मी टचपॅड चालू ठेवलेलं असतं. हो, जॉयस्टिक नाही. मेनवर अंगठ्याने फोकस पॉइंट हलवायची सवय असते, इथे अंगठा जातो आणि तिथे काहीच नसतं. पुढची डायलही नाही. सगळं अंगठ्यावर, मागची डायल आणि चाक. मॅन्युअल मोडमध्ये काम करणाऱ्यांना हे खटकणार. मी तिला अॅपर्चर प्रायॉरिटी (एफचा आकडा मी ठरवते, शटर कॅमेरा) आणि ऑटो आयएसओवर ठेवते, शटरची खालची मर्यादा ठरवून दिलेली, आणि हाताला लागतं ते फक्त एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो थोडा उजळ किंवा गडद करणं, त्याची वेगळी डायल वर आहेच. दुसऱ्या बॉडीकडून मला एवढंच हवंय, उचलली आणि काढला.

कार्ड एकच. मेनमध्ये दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिलं जातं तशी निश्चिंती इथे नाही, त्यामुळे रोज रात्री आधी हिचं कार्ड कॉपी करते आणि मग मेनचं. शटर १/४००० पर्यंत. शटरचा पहिला पडदा कायम इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे एफ/१.४ वगैरे लेन्स उघडी ठेवून फार वेगवान शटरला मागच्या धूसर भागातले उजेडाचे गोळे कापल्यासारखे दिसू शकतात, माझ्या छोट्या लेन्सना त्याचा काही प्रश्न नाही, पण मोठ्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या लेन्स, वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बाकी ट्रॅकिंग ए६४०० सारखंच, म्हणजे मेनपेक्षा चांगलं, आणि रंग मेनशी जुळतात, दोन्हीचे फोटो शेजारी लावले तर कुठला कुठल्या बॉडीचा हे मला फाइलचं नाव बघूनच कळतं. बॅटरी ७४० फोटो म्हणतात, मी एका बॅटरीवर बऱ्याचदा अख्खा दिवस काढते. दोन बॉड्यांसाठी मिळून आता चार बॅटऱ्या, कुठलीही कुठल्याही बॉडीत. हे सुख शब्दांत सांगता येत नाही.

बाकी कंपन्यांचे कॅमेरे वापरणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, कारण मी मैत्रिणींसाठी हा शोध बऱ्याचदा घेतलाय आणि दर वेळी तिथेच अडकायला होतं, बॅटरीपाशी. कॅनन घ्या. आर६ मार्क टू ६७० ग्रॅम, आणि तिच्या जोडीला आर८ फक्त ४६१ ग्रॅम, दोन्ही फुल फ्रेम, दोन्ही २४ मेगापिक्सेल, वाचायला किती छान वाटतं. पण आर८ ची बॅटरी एलपी-ई१७, छोटी, मेनची एलपी-ई६एनएच, आणि आर८ च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. कॅननच्या बऱ्याच लेन्समध्ये ते असतं त्यामुळे तुमच्या लेन्समध्ये आहे का ते बघा, असेल तर आर८ चांगलीच जोडी आहे, फक्त बॅटऱ्या जास्त ठेवा. निकॉनमध्ये झेड६ टू ७०५ ग्रॅम, हलकी झेड५० ४५० ग्रॅम, पण इथे बॅटरीही वेगळी आणि सेन्सरही क्रॉप, म्हणजे माझ्या नऊ दिवसांची गोष्ट परत. ओएम सिस्टिममध्ये ओएम-१ ५९९ आणि ओएम-५ ४१४ ग्रॅम, सेन्सरचा आकार एकच, पावसाला दोन्ही खंबीर, लेन्स तर सगळ्यात छोट्या, एकूण बॅगेचं वजन बघितलं तर यांच्याशी कोणी स्पर्धा करू शकत नाही, पण बॅटरी वेगळीच.

फुजीमध्ये मात्र एक जोडी जुळते आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. एक्स-टी५ आहे ५५७ ग्रॅम, तिच्या जोडीला सगळे एक्स-ई४ बघतात कारण ती दिसायला गोड आणि ३६४ ग्रॅम, किंवा एक्स-टी५०, ४३८ ग्रॅम. दोन्हीत छोटी डब्ल्यू१२६एस बॅटरी. पण एक्स-एस२० मध्ये एक्स-टी५ चीच मोठी डब्ल्यू२३५ आहे, बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, आणि वजन ४९१. दिसायला साधी आहे, जुन्या कॅमेऱ्यासारख्या सुंदर डायली नाहीत, ते मान्य. पण सेन्सरचा आकार तोच, सगळ्या लेन्स तशाच वागणार, चार्जर एक. माझी एक मैत्रीण एक्स-ई४ घेणार होती, तिला हे सांगितलं, तिने एक्स-एस२० घेतली आणि अजूनही आभार मानते.

अजून एक वेगळाच मार्ग आहे, लेन्स न बदलणारा छोटा कॅमेरा. रिको जीआर थ्री २५७ ग्रॅम, आतमध्ये एपीएस-सी सेन्सर, २८ एमएमसारखी दिसणारी एफ/२.८ लेन्स, शर्टाच्या खिशात जातो. मी उसना घेऊन एक ट्रिप केली. फोटो इतके धारदार की मला पहिल्या रात्री विश्वास बसेना. ज्यांच्या मेन बॉडीवर कायम टेली किंवा झूम असते आणि दुसरीकडून फक्त जवळचं, गल्लीतलं, माणसांचं काढायचंय त्यांनी याचाच विचार करावा, दुसऱ्या बॉडीची गरजच नाही. पण बॅटरी २०० फोटो, व्ह्यूफाइंडर नाही, आणि मेन पडली तर बॅगेतल्या सगळ्या लेन्स नुसतं ओझं. मी एकदा तो अनुभव घेतलाय म्हणून मला भीती वाटते, तुम्हाला नसेल वाटत तर घ्या, मन लावून घ्या.

आणि फोन? फोन आहेच सगळ्यांकडे, आणि दिवसाउजेडी रुंद फोटोला तो पुरतो. पण संध्याकाळी आणि लांबचं, या दोन वेळी तो पुरत नाही, आणि दुसरी बॉडी मला नेमकी त्याच दोन वेळी लागते.

दोन बॉड्या घेऊन पहिल्यांदाच निघणार असाल तर एक काम निघण्याआधी कराच, दोन्हीची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. मी पहिल्या ट्रिपला नाही जुळवली, ए६४०० अकरा मिनिटं पुढे होती, आणि एका मिरवणुकीचे सातशे फोटो कॉम्प्युटरवर वेळेप्रमाणे लावले तर देव आधी पोचलेला आणि ढोल मागून निघालेले. ते सगळं नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरकवता येतं पण नेमकं किती सरकवायचं ते शोधायला अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या देशात गेलात तर टाइम झोन दोन्हीत बदला, एकात बदलून विसरायला होतं. आणि फाइलच्या नावाची पहिली तीन अक्षरं दोन्ही बॉड्यांत वेगळी ठेवा, सोनीत मेन्यूमध्ये ते बदलता येतं, नाहीतर दोन्हीकडे एकाच नंबरचे फोटो तयार होतात आणि एका फोल्डरमध्ये कॉपी करताना एकावर एक चढायची भीती असते.

बटणंही शक्य तितकी सारखी करून घ्या. माझ्या दोन्ही बॉड्यांत एएफ-ऑन (फोकस सुरू करायचं बटण) एकाच जागी, आय फोकस (माणसाच्या डोळ्यावरचा फोकस) एकाच बटणावर. ज्या गोष्टी ए७सी वर नाहीतच त्या मी मेनवरही वापरणं कमी केलं, हे ऐकायला विचित्र वाटेल पण घाईत हात गोंधळत नाहीत.

पट्ट्यांचं म्हणाल तर दोन्ही गळ्यात घालू नका, एकमेकांवर आपटतात, स्क्रीनला चरे पडतात. हलकी बॉडी गळ्यात आखूड पट्ट्यावर, छातीच्या वर, आणि जड बॉडी तिरक्या पट्ट्यावर कमरेला. मी आधी उलटं करत होते आणि मान धरायची.

सेकंडहँड घ्यायची असेल तर, आणि दुसऱ्या बॉडीसाठी सेकंडहँड हा फार शहाणा मार्ग आहे, एवढं बघा. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून ठिपके बघा. धूळ निघते, चरा निघत नाही. तुमची सगळ्यात जड लेन्स लावून माउंट हलतोय का ते बघा. यूएसबीच्या तोंडात वायर घालून हलवून बघा, चार्जिंग तुटतंय का. स्क्रीन उघडून पूर्ण फिरवा, आतली पट्टी खराब असेल तर ठरावीक कोनात चित्र जातं. माझी ए७सी सेकंडहँडच आहे, आधीच्या मालकाने फक्त व्हिडिओसाठी वापरलेली, शटर जेमतेम हजारभर वेळा पडलेलं.

नवी ए७सी टू पण आहे, २०२३ ची, ३३ मेगापिक्सेल, ५१४ ग्रॅम, व्ह्यूफाइंडर ०.७० चा आणि पुढची डायल आलीये. म्हणजे मी वर ज्या तक्रारी केल्या त्यातल्या दोन त्यांनी काढून टाकल्या, जॉयस्टिक आणि दुसरं कार्ड अजूनही नाही. आज पहिल्यांदा घेत असाल, आणि दिवसभर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढणारे असाल तर टू घ्या, दोघींत ५ ग्रॅमचाच फरक आहे आणि त्या व्ह्यूफाइंडरसाठी मी ५० सुद्धा उचलले असते. स्क्रीनवर बघून काढणाऱ्यांनी पहिलीच घ्यावी आणि वाचलेल्या पैशात एखादी छोटी लेन्स. मी बदलणार नाहीये. माझी मेन दुरुस्त होऊन आली तीही आता जुनी झाली, तिच्या जागी कधीतरी नवी घ्यावी लागेल, आणि त्या वेळी पहिला प्रश्न मी हाच विचारणार आहे की तिच्यात एफझेड१०० बसते ना.